तोआ पायोहमध्ये मी दार झाले

या आठवड्यात येऊ नको, असं प्रज्ञानं फोनवर अगदी स्वच्छ सांगितलं होतं. प्रज्ञा म्हणजे माझी मुलगी. सिंगापूरला एका विद्यापीठात संशोधन करते आणि क्लेमेंटीला भाड्यानं राहते. तिची आठवडाभराची कार्यशाळा होती, पहिल्यांदाच सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात, म्हणून पुढच्या महिन्यात ये म्हणाली. पण पुढच्या महिन्याचं तिकीट बघितलं तर डोळे पांढरे झाले. त्यात नागपूरचा मे महिना आणि आमचा कूलर आचके देत होता. मी आधी तिकीट काढलं आणि मग फोन केला. म्हटलं, तू तुझं काम कर, मी माझी फिरते, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? तिचे बाबा गुडघ्यामुळे येणार नव्हते. ते मागून ओरडले, बघ बाप्पा, आता तुझं तू निस्तर.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगून टाकते. व्हिसा एजंटकडून काढावा लागतो, घरबसल्या होतो, फक्त फोटो त्यांच्या मापाचा लागतो. माझा दोनदा परत आला, कारण माझे कान दिसत नव्हते. निघायच्या तीन दिवसांच्या आत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. बँकेत जाऊन आपल्या कार्डावर परदेशातले व्यवहार चालू करून घ्या, मग तेच कार्ड एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, गेटला टेकवलं की झालं. विमानतळावरून मेट्रोनं क्लेमेंटीला जाताना मध्ये एकदाच गाडी बदलावी लागते. टॅक्सीच्या किती तरी पट कमी पैशांत मी घरी पोचले, तेही खिडकीशी बसून.

सगळ्यांनी मला सिंगापूरच्या गरमीची भीती घातली होती. नागपूरच्या बाईला! तिथं गरम कमी आणि घाम जास्त, एवढाच फरक. प्रज्ञाचा फ्लॅट आठव्या मजल्यावर आहे. तिच्याबरोबर राहणारी मलेशियन मुलगी गावी गेली होती, त्यामुळे मला अख्खी खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. एवढी चकाचक इमारत आणि त्यातून बाहेर डोकावणाऱ्या चड्ड्या-बनियनी बघून मला फार बरं वाटलं.

आता प्रज्ञाचं काम. जिथं युद्ध किंवा यादवी होऊन गेली आहे, तिथं नंतर निवडणुका कशा घ्यायच्या, पोलीस कसे सुधारायचे, शेजारच्या देशांनी एकमेकांना कशी मदत करायची, याचा ती अभ्यास करते. तिच्या बाबांना वाटतं की आमच्या हाउसिंग सोसायटीलाही एकदा तिथं बोलवायला हवं. त्या आठवड्यात आग्नेय आशियातल्या काही देशांमधले पोलीस, नगरसेवक, जुने लढवय्ये असे पंधरा-वीस लोक आले होते. हॉलमध्ये कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही असा तिथं नियम असतो. म्हणून मी हॉलमधलं काही लिहीत नाही, मला ते ठाऊकही नाही. मी लिहिते आहे ते हॉकर सेंटरमधलं, म्हणजे तिथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मोठ्या मांडवातलं, आणि मैदानातलं. ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांची परवानगी घेतली आहे, आणि नावं मी बदललेली आहेत.

पहिला दिवस मी एकटीनं भटकले. खालच्या दुकानात काया टोस्ट खाल्ला. नारळाचा गोड जॅम आणि लोण्याची जाड वडी घातलेला पाव, सोबत अर्धवट उकडलेली अंडी आणि काळी कॉफी. मला ती अंडी गिळवली नाहीत, पाव मात्र दोनदा मागवला. मग कॅरट केक नावाचा पदार्थ घेतला. त्यात ना गाजर ना केक. मुळ्याची वडी अंडं घालून परतलेली असते, पण तिखट मागितलं तर आपल्या जिभेला चालते. साध्या हॉकर सेंटरमध्ये पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरतं. बाटली भरून पाणी बरोबर ठेवा, नळाचं पाणी पिता येतं. आणि टिश्यू पेपर स्वतःचे न्या, कारण तिथं कुणी देत नाही. या टिश्यूंनीच पुढे माझी फजिती केली.

झालं असं की बुधवारी प्रज्ञानं मला तोआ पायोहला जेवायला बोलावलं. कार्यशाळा तिथल्याच एका ऑफिसच्या इमारतीत होती आणि समोर हॉकर सेंटर. म्हणाली, बाराच्या आधी पोच आणि एक टेबल धर, माझी माणसंही बघशील. तोआ पायोह जुनी वस्ती आहे. फळवाले, घड्याळं दुरुस्त करणारे, सावलीत गप्पा हाणणारे म्हातारे, सगळं मोकळंढाकळं. मी वेळेआधीच पोचले. बघते तर बरीच टेबलं रिकामी, पण एकेका टेबलावर टिश्यूचं एकेक पाकीट राहिलेलं. काय विसरभोळी माणसं आहेत, मी म्हटलं. मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. सुट्टी झाली की बाकांवर राहिलेले डबे, कंपास, स्वेटर गोळा करून स्टाफरूममध्ये नेऊन ठेवायचे, ही माझी हाडीमाशी खिळलेली सवय. मी उठले आणि जवळपासच्या सगळ्या टेबलांवरची पाकिटं ओढणीच्या झोळीत गोळा करून ताटं उचलणाऱ्या मावशीच्या हातात दिली. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, बिचारीला कुणी मदत करत नसेल.

दोन मिनिटांत ताटं घेऊन माणसं परत यायला लागली. तिथं जागा धरायची तशी पद्धत आहे हो! टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जायचं, कुणी त्या टेबलाला हात लावत नाही. त्याला चोप करणं म्हणतात. आणि मी अर्ध्या हॉकर सेंटरचा चोप पुसून टाकला होता. जिथं पाकीट नाही तिथं दुसरे लोक बसले होते, आणि पाकीटवाले वाफाळती ताटं घेऊन उभे. एक तरुण मुलगा फार सभ्यपणे म्हणाला, "आंटी, लाइक धिस कॅनॉट लाह." मी सॉरी म्हणून म्हणून दमले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या राज्यातली मी, मला तर हे पहिल्या झटक्यात कळायला हवं होतं.

त्यातली दोन पाकिटं प्रज्ञाच्याच माणसांची निघाली. एक रोझाचं, एक मेजरसाहेबांचं. दोघंही एकाच देशातले, एका बेटांच्या देशातले. तिथं बरीच वर्षं लढाई चालली होती, आता थांबली आहे. रोझा डोंगरातल्या गावची. तरुणपणी ती सरकारविरुद्ध लढणाऱ्यांबरोबर जंगलात होती, आता गावच्या बायकांची पुढारी आहे. मेजरसाहेब तेव्हा तिच्या विरुद्ध बाजूचे सैनिक होते, आता त्याच जिल्ह्याचं पोलीस दल सांभाळतात. कार्यशाळा सुरू झाल्यापासून रोज दोघं हॉकर सेंटरच्या दोन टोकांची टेबलं धरून जेवत होते. आज दोन्ही टेबलं गेली. उरलं होतं ते फक्त खांबाजवळचं, माझं. तिथली स्टुलं जमिनीत पक्की बसवलेली असतात, सरकवून लांब बसायचीही सोय नाही. मी, प्रज्ञा, रोझा, मेजरसाहेब आणि शेजारच्या देशातली एक पोलीस निरीक्षक, जिला मी लिन म्हणते, असे पाच जण गुडघ्याला गुडघा लावून बसलो.

कुणी बोलेना. प्रज्ञाचा चेहरा पांढराफटक. मला अशी शांतता सोसत नाही. मी विचारून टाकलं की तुम्ही दोघं एकाच गावाकडचे, तर एकमेकांशी काहून बोलत नाही? टेबलाखालून प्रज्ञानं माझ्या पायावर पाय दिला, पण बाण सुटला होता.

रोझानंच सांगितलं, नूडल्स ढवळत. काही महिन्यांनी तिच्या गावात ग्रामपरिषदेची निवडणूक आहे आणि ती उभी राहणार आहे. मागच्या वेळी शाळेच्या दारात रायफली घेऊन पोलीस उभे होते. त्या रायफली गावानं आधीही पाहिलेल्या होत्या, घरं जळाली तेव्हा. एकही माणूस मत द्यायला गेला नाही. आणि त्या गावासाठी निर्णय घेणारं कुणी निवडूनच आलं नाही. मेजरसाहेबांनी तिचं पूर्ण होऊ दिलं आणि मग आपलं सांगितलं. त्याच्याही आधीच्या निवडणुकीत दारात पोलीस नव्हते, तेव्हा त्यांच्या हाताखालची दोन पोरं मारली गेली. सरकार म्हणतं, बंदोबस्त नाही तर मतदान नाही. गाव म्हणतं, बंदोबस्त असेल तर मतदान नाही. शुक्रवारपर्यंत दोघांनी मिळून एक प्रस्ताव द्यायचा होता. नाही दिला तर त्या गावाचं मतदान याही वेळी रद्द.

माझ्या तोंडाला खाज सुटली. मी निवडणुकीच्या ड्यूट्या किती केल्या असतील! मी त्यांना आमच्याकडची पद्धत सांगितली. केंद्रापासून शंभर मीटरवर फक्कीनं पांढरी रेघ मारतात, आणि केंद्राध्यक्षानं बोलावल्याशिवाय पोलीस खोलीत पाऊल टाकत नाही. एकदा एक धिप्पाड हवालदार उन्हाला कंटाळून माझ्या खोलीत पंख्याखाली बसायला आला तर मी त्याला बाहेर काढलं होतं. मला वाटलं आता दोघं खूश होतील.

"तुमच्या हवालदारानं तुमचं घर जाळलं नव्हतं," रोझा म्हणाली.

खरंच होतं. आमच्याकडे त्या दिवशी फक्त ऊन होतं. मी लाजून भात चिवडत राहिले. पण मेजरसाहेब काही तरी विचार करत होते. त्यांनी विचारलं, रेघ शंभरच मीटरवर का? रोझा म्हणाली, शंभर आम्हाला जवळ आहे, रायफल त्याच्यापुढे जाते. ते म्हणाले, दोनशेवरून मला दार दिसणार नाही, आत कुणाला मारलं तर मला कळणार कसं? ती म्हणाली, बोलावतील तुम्हाला. ते म्हणाले, कोण, तुमची माणसं? ती म्हणाली, मग काय तुमची? आवाज चढले. मी मध्ये पडणार एवढ्यात प्रज्ञानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ती मराठीत पुटपुटली, "आई, चुप बस नं. ते आता फक्त अंतरावर भांडून राहिले. सोमवारपासून पोलीस हवे की नको यावरच अडलं होतं."

तोवर लिन शांतपणे सगळ्यांत झणझणीत लाक्सा ओरपत होती. नारळाच्या दुधातल्या त्या रश्श्यानं तिचं नाक लाल झालं होतं. ती म्हणाली, दारात माझे लोक उभे राहिले तर? बिनहत्यारी, शेजारच्या देशाचे, निम्म्या बायका. पण आधी तुमच्या दोघांच्या सह्यांची मागणी यायला हवी, मग माझं सरकार विचार करेल. कुणी हो म्हटलं नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. ताटं मात्र सगळ्यांनी आपापली उचलली, तिथं तसा नियमच आहे.

गुरुवारी मी टॅम्पिनीसला गेले. क्लेमेंटीहून सरळ एकच गाडी, लांबचा पल्ला, पण बाहेरची शहरं बघत वेळ छान जातो. आमच्या नागपूरच्या शेजाऱ्यांचा निलेश तिथं बायको-मुलीसह राहतो. त्याची आठ वर्षांची रेवा मराठी समजते आणि उत्तरं इंग्रजीत देते. माझी टिश्यूची गोष्ट ऐकून ती सोफ्यावरून खाली पडेपर्यंत हसली आणि मला रीतसर धडा दिला की टेबलावरचं पाकीट घ्यायचं नाही, छत्री घ्यायची नाही, कार्ड तर नाहीच नाही. निलेशच्या बायकोनं सावजी मसाला जपून ठेवला होता, त्याचा रस्सा केला. परदेशात जाणाऱ्यांनो, यजमानांसाठी चॉकलेटं नेऊ नका, मसाला न्या.

संध्याकाळी घरी आले तर प्रज्ञा अंधारात बसलेली. मोडलं होतं सगळं. मेजरसाहेबांना वरून फोन आला की शंभर मीटरच्या पुढे एक पाऊल नाही. रोझानं बॅग भरायला घेतली. मी खिचडी टाकली, पण पोरगी ताटावर नुसती बसून राहिली. म्हणाली, "त्यांचं गाव परत तसंच राहील, आई. मी चार्ट काढले, नकाशे काढले, आणि काही झालं नाही." मला तिची फार दया आली. लहानपणी नापास झाल्यावर ती अशीच बसायची, तेव्हा मी रागावायचे. आता नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

शुक्रवारी मला तोआ पायोहचं ते ड्रॅगनचं खेळाचं मैदान बघायचं होतं, म्हणून मी तिच्याबरोबरच निघाले. जुन्या काळचा, फरशीच्या तुकड्यांचा, वाळूत उभा केलेला मोठा ड्रॅगन आहे, नातवंडांना नक्की दाखवा. ते बघून मी हॉलच्या मागच्या इमारतीखाली येऊन बसले. तिथल्या इमारतींचा तळमजला मोकळा असतो, नुसते खांब आणि बाकडी. दोन आजोबा बुद्धिबळ खेळत होते. थोड्या वेळानं रोझा येऊन माझ्या शेजारी टेकली. हॉलमधून उठून आली होती. मी या वेळी काही विचारलं नाही. तीच म्हणाली की ते सगळे आकड्यांवर बोलत आहेत. शंभर काय, दोनशे काय, तिला आकडा दिसतच नाही, तिला रायफलीचं तोंड दिसतं.

मागून लिन आणि मेजरसाहेब तिला शोधत आले, प्रज्ञाही आली. मेजरसाहेबांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं. ते रोझासमोर आले. मग म्हणाले, "मग दाखवा मला. कुठून दिसत नाही?"

रोझा उठली. समोर दोन इमारतींमधून लांबच लांब हिरवळ होती. आता दार कुठे, असा प्रश्न आला. लिन म्हणाली, हा खांब धरू. पण खांब तर ओळीनं डझनभर, लांबून कुठला ते कळणार कसं? मी म्हटलं, मी होते दार. मी नारिंगी पंजाबी ड्रेस घातला होता, नागपूरची बाई नारिंगीच घालणार. मी खांबाला पाठ लावून उभी राहिले, रोझा माझ्यासमोर, मत द्यायला आल्यासारखी, आणि मेजरसाहेब उलट्या पावलांनी मागे मागे जायला लागले.

रोझा हातानं खुणावत होती, अजून मागे, अजून. पावलं कुणीच मोजली नाहीत. मेजरसाहेब हिरवळीच्या पलीकडच्या झाडांपाशी पोचले, तेव्हा तिचे खांदे खाली आले. हळूच म्हणाली, इथं मला श्वास घेता येतो. मग लिननं हात हलवला, बोलावल्याची खूण म्हणून. मेजरसाहेबांना दिसला नाही. ते थोडे पुढे आले, परत हात, परत नाही. आणखी पुढे आले तेव्हा दिसला, पण तोवर रोझानं मान फिरवली होती. हे असं तीन-चारदा झालं. आजोबांचा खेळ थांबला. त्यांतल्या एकानं मला विचारलं, सिनेमाचं शूटिंग आहे का? मी म्हटलं, निवडणूक आहे. ते म्हणाले, मग कोण जिंकतंय? मी म्हटलं, अजून दारच उघडलं नाही.

आणि मला एवढंच वाटलं की हात किती बारीक दिसत असेल तिथून! मी खांद्यावरची ओढणी काढून लिनच्या हातात दिली. तिनं ती डोक्यावर धरून फडकवली. तिकडे झाडांपाशी, रोझानं सांगितलेल्या जागी, मेजरसाहेबांनी दिसलं म्हणून दोन्ही हात वर केले. भरल्या अंगाचा तो माणूस दोन्ही हात वर करून उन्हात उभा. रोझा त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझेही आले, दार असून.

मेजरसाहेबांनी तिथूनच फोन लावला. हिरवळीवर येरझाऱ्या घालत किती तरी वेळ बोलत होते, मध्ये कपाळावर हात मारत होते. प्रज्ञा माझा हात घट्ट धरून उभी होती. शेवटी ते आमच्याकडे आले, घामानं भिजलेले, आणि आधी रोझाला म्हणाले, "साहेब म्हणतात, कापड कुठल्या रंगाचं ते ठरवून कळवा."

दुपारी सह्या झाल्या. पोलीस रोझानं दाखवलेल्या अंतरावर, दारात लिनच्या देशाची बिनहत्यारी माणसं, आणि त्यांनी कापड फडकवलं तरच पोलिसांनी पुढे यायचं. लिनच्या सरकारचा होकार यायचा होता, पण मागणी तर गेली. संध्याकाळी सगळे क्लेमेंटीला प्रज्ञाच्या घराखाली पराठे खायला आलो. तिथं त्याला प्राटा म्हणतात, गरम, पापुद्रे सुटलेला, सोबत आमटीसारखा रस्सा. मेजरसाहेबांनी साखर घालून सहा खाल्ले. रोझा त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली होती. दोघांची मैत्री झाली असं मी लिहिणार नाही, तसं काही नव्हतं. ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. पण रस्सा संपला तेव्हा तिनं आपली वाटी त्यांच्याकडे सरकवली. प्रज्ञा मात्र एवढी खिदळत होती की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मी तिला गप्प बस असं एकदाही म्हटलं नाही.

शनिवार-रविवार आम्ही मायलेकी पोटभर फिरलो. बोटॅनिक गार्डनला तिकीट नाही, सकाळी लवकर जा. मरीना बे रात्री दिव्यांत बघा, वर चढायचे पैसे वाचवले तरी काही बिघडत नाही, खालून जास्त छान दिसतं. विमानतळावर प्रज्ञा म्हणाली की पुढच्या वेळी मी येऊ नको म्हटलं तरी ये. मी म्हटलं, मी काय विचारून येणार होते?

परत आले त्याला आता पाच महिने झाले. काय राहिलं म्हणून विचाराल, तर मरीना बेचे फोटो मी एकदाही उघडून बघितले नाहीत. डोळ्यांसमोर येते ती हिरवळ आणि लांब झाडांपाशी उभा असलेला माणूस. लिनच्या देशाचा होकार आला तेव्हा प्रज्ञानं मला ऑफिसातून फोन केला. त्यानंतर मी रोज मनात धाकधूक घेऊन बातम्या बघायचे. आपल्याकडच्या बातम्यांत त्या बेटाचं नावही येत नाही. मतदानाच्या दिवशी तर मला दुपारी झोपच लागली नाही, यांच्यावरच दोनदा ओरडले.

निकालानंतर रोझाचा आवाजी मेसेज आला. मागे ढोल वाजत होते, कोंबडे ओरडत होते. म्हणाली, "टीचर, मी हरले." आणि जोरात हसली. मग धापा टाकत सांगत गेली. सगळं गाव आलं होतं. ज्यांनी कधीच मत दिलं नव्हतं त्या म्हाताऱ्या पाठुंगळीवर बसून आल्या. मेजरसाहेब दिवसभर लांब उन्हात उभे होते, त्यांना एकदाही बोलवावं लागलं नाही. तिच्याविरुद्ध मत देणारेही संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन जेवले. आता उद्या सकाळी ती जिंकलेल्या माणसाकडे जाणार होती, पाण्याच्या टाकीवरून भांडायला.

मी तशीच चप्पल घालून गेले आणि किलोभर संत्रा बर्फी घेऊन आले. यांनी डबा बघून विचारलं, जिंकली का रोझा? मी म्हटलं, नाही, हरली. हे डबा अर्धा उघडून तसेच थांबले. म्हणाले, मग बर्फी कशाची? मी मेसेज लावला आणि मराठीत सांगत गेले. ऐकून झाल्यावर यांनी दोन वड्या उचलल्या आणि एक माझ्या हातात दिली. पौर्णिमेला उरलेला डबा विहारात नेला. तिथं प्रत्येक बाईनं तेच विचारलं, आणि मी प्रत्येकीला तेच सांगितलं. आमची रोझा निवडणूक हरली, घ्या, बर्फी घ्या.